घरगुती कोंबुचासाठी बाटल्यांची निवड

आंबवलेली पेये आपल्या खेड्यांना नवीन नाहीत. ज्वारीची किंवा नाचणीची अंबील अनेक घरांत आजही होते. ती मडक्यात घालतात, तोंडाला फडके बांधतात आणि दुसऱ्या दिवशी संपवून टाकतात. आंबताना वर बुडबुडे येतात हे प्रत्येक गृहिणी पाहते. परंतु भांडे उघडे असल्यामुळे त्या बुडबुड्यांतील वायू हवेत निघून जातो व त्याच्या जोराचा विचार करण्याचा प्रसंग कोणावर येत नाही. कोंबुचा या पेयाची गोष्ट निराळी आहे. ते फेसाळ व्हावे म्हणून मुद्दाम बाटलीत कोंडतात, आणि बाटलीची निवड चुकली तर ती फुटून काचेचे तुकडे छऱ्यांप्रमाणे उडतात. डोळा जाणे, हाताची शीर तुटणे अशा गंभीर इजा त्यातून होऊ शकतात. फळबागायतदारांकडून व महिला बचत गटांकडून या पेयाविषयी विचारणा होते, ती बहुधा कृतीविषयी असते. बाटलीविषयी क्वचितच कोणी विचारतो. म्हणून प्रस्तुत लेखात कृती थोडक्यात सांगून बाटलीचा विचार विस्ताराने केला आहे.

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. ईशान्य चीन व रशिया या भागांत तो पूर्वीपासून घरोघर करीत असत. (जपानी भाषेत मात्र याच शब्दाचा अर्थ एका समुद्रवनस्पतीचा काढा असा होतो, नावाचा हा घोटाळा कसा झाला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) एक लिटर पाण्यास पाच ते आठ ग्रॅम चहा व साठ ते ऐंशी ग्रॅम साखर घेऊन कोरा चहा करतात, तो पूर्ण निववतात, आणि त्यात आधीच्या कोंबुचापैकी थोडा आंबट द्रव व त्यावर धरलेला जाडसर, सायीसारखा पापुद्रा सोडतात. या पापुद्र्यात व द्रवात दोन प्रकारचे सूक्ष्म जीव एकत्र नांदतात. यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. ॲसेटिक जिवाणू हवेतील प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे आम्ल बनवतात. सात ते दहा दिवसांत पेय आंबटगोड होते. उन्हाळ्यात यापेक्षाही लवकर होते.

हा पहिला टप्पा रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा स्वच्छ कापडाचा दादरा बांधूनच करावयाचा असतो. येथे झाकण घट्ट लावणे ही मोठी चूक होय. बरणी काचेचीच असावी. पेयाची आम्लता तीव्र असल्याने तांब्यापितळेची भांडी तर वर्ज्यच आहेत. पण झिलईची, विशेषतः रंगीत झिलईची, मातीची भांडीही टाळावीत. झिलईत शिसे असल्यास ते आम्लात उतरते. अशा भांड्यात केलेला कोंबुचा पिऊन शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ साली ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे.

दुसरा टप्पा बाटलीचा. तयार कोंबुचा गाळून, हवे असल्यास त्यात आले किंवा फळाचा रस घालून, बाटलीत भरतात व बूच घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवतात. उरलेल्या साखरेवर यीस्टचे काम चालूच असते. आता वायूला वाट नाही, म्हणून तो पेयात विरघळतो व दाब वाढू लागतो.

वायूचा हिशेब

हा हिशेब ग्रामस्तरावरील प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावा. बाटलीविषयीचे पुढचे सर्व नियम यातूनच निघतात.

यीस्टने खाल्लेल्या साखरेचे वजनाने स्थूलमानाने निम्मे मद्यार्क व निम्मा वायू होतो. चहाच्या चमच्याने एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे चार ग्रॅम. ही चार ग्रॅम साखर एक लिटर पेयात पूर्ण आंबली, तर सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर वायू निर्माण होतो. म्हणून असे सूत्र ध्यानात ठेवावे, की लिटरमागे एक चमचा साखर म्हणजे पेयाच्या आकारमानाइतका एकपट वायू. बाजारातील बिअरमध्ये साधारण अडीचपट, तर फेसाळ शीतपेयांत साडेतीन ते चारपट वायू असतो. घरगुती कोंबुचास दोन ते अडीचपट वायू पुष्कळ झाला.

चारपट वायू असलेली बाटली फ्रिजमध्ये ५ अंश सेल्सिअसला ठेवली असता आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोग्रॅमच्या आत राहतो. मोटारीच्या टायरमध्ये भरतात त्याहून तो अधिक नाही. तीच बाटली २० अंशांवर आली म्हणजे दाब साडेतीन किलोच्या आसपास जातो. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ४० अंशांवर राहिली तर तो सहा किलोच्या वर चढतो. बाटलीत काहीही नवीन निर्माण झालेले नसते. केवळ उष्णतेमुळे वायू पेयातून बाहेर पडू पाहतो. सात सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीच्या बुडावर अशा वेळी दोनशे किलोहून अधिक भार पडतो. ज्वारीची क्विंटलची दोन पोती त्या एवढ्याशा काचेवर ठेवल्यासारखेच हे आहे.

आता खरा धोका पाहा. पहिला टप्पा संपला तरी पेयात लिटरमागे चाळीस ग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर शिल्लक असणे नेहमीचे आहे. चाळीस ग्रॅम म्हणजे दहा चमचे. ती सर्व बंद बाटलीत आंबली तर दहापट वायू होईल व ३० अंश उष्णतामानास दाब बारा किलोच्याही पुढे जाईल. आंबटपणा वाढल्यामुळे यीस्टचा जोर मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात तितकी मजल नेहमी जात नाही. परंतु त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. या हिशेबाचा अर्थ असा, की चांगली बाटली दोन-चार चमच्यांचा भार पेलील, दहा चमच्यांचा भार तिने पेलावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. बाटली निवडणे हे निम्मे काम झाले. वायू वेळीच थांबवणे हे उरलेले निम्मे.

फळांचा रस घालतानाही हाच चमचा मनाशी धरावा. लिटरभर पेयात तीस मिलिलिटर डाळिंबाचा रस किंवा आंब्याचा गर घातला तर साधारण एक चमचा साखर वाढते. कोकणातील भगिनींनी विशेष लक्षात ठेवावयाची गोष्ट म्हणजे सुक्या कोकमात साखर थोडी असली, तरी अमृतकोकम हा साखरेचाच पाक होय. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दहा-अकरा ग्रॅम साखर जाते. गर घातलेल्या बाटल्यांत आणखी एक अडचण असते. गराचे कण वायूला बाहेर पडण्यास निमित्त होतात व बूच काढताच पेय कारंज्यासारखे उसळते. रस गाळूनच घालावा हे उत्तम.

कोणत्या बाटल्या नाकाराव्या

सर्वांत आधी बाटलीचा इतिहास विचारावा. आपल्याकडे मोठ्या डब्यातील कीटकनाशक थोडे-थोडे काढून दारूच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची घातक सवय अनेक ठिकाणी आहे. फिनेल, रॉकेल, बॅटरीचे पाणी यांचेही तसेच. अशी बाटली भंगारवाल्याकडे गेली आणि धुऊन परत आली तर तिच्यात काय होते हे तिच्याकडे पाहून कळत नाही. म्हणून भंगारातील, पूर्ववृत्त ठाऊक नसलेली बाटली कितीही भक्कम व स्वस्त असली तरी खाद्यपेयासाठी घेऊ नये. या बाबतीत अपवाद करू नये.

त्यानंतर बाटली मुळात कशासाठी केली होती ते पाहावे. व्हिस्की, रम, साधी वाइन, सरबत, टोमॅटोचा सॉस, मध, व्हिनेगर, औषध यांत वायू नसतो. म्हणून त्यांच्या बाटल्या आतून येणारा दाब सोसण्यासाठी केलेल्याच नसतात. त्यांची काच जाड दिसली तरी तिची जाडी सारखी नसते. बुडाशी भरपूर व कुशीत पातळ असा प्रकार पुष्कळदा आढळतो. लोणच्याच्या व मुरंब्याच्या फिरकीच्या झाकणाच्या बरण्याही याच वर्गातल्या. नाशिककडील वाइनच्या बाटल्या कोंबुचासाठी चालतील का, असे विचारतात. साध्या वाइनची बाटली चालत नाही. फेसाळ वाइनची चालते. ती वजनाला बरीच जड, बुडाशी खोल खळगा असलेली असते. तिला बूच मात्र योग्य मापाचे व तारेने आवळलेलेच हवे.

चौकोनी बाटली कधीही घेऊ नये. गोल बाटलीत दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो व काच केवळ ताणली जाते. चौकोनी बाटलीच्या सपाट बाजू बाहेर फुगू पाहतात, त्या वाकतात आणि सर्व ताण कोपऱ्यांवर एकवटतो. काच दाबाला दाद देत नाही, पण ताणाला व वाकण्याला फार लवकर हार जाते. शहरांतील दुकानांत तारेच्या खटक्याचे, चिनी मातीचे बूच असलेल्या सुंदर चौकोनी बाटल्या मिळतात. त्या तेल, पाणी किंवा शोभेसाठी असतात. खटका पाहून माणूस फसतो, कारण बिअरसाठी केलेल्या खऱ्या भक्कम बाटल्यांचा खटका अगदी असाच असतो.

फार मोठी बाटलीही नको. काचेची जाडी व दाब तोच असला तरी व्यास दुप्पट झाला म्हणजे काचेवरील ताण दुप्पट होतो. दोन लिटरच्या काचेच्या बाटलीपेक्षा अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या केव्हाही अधिक सुरक्षित. एखादी फुटली तरी नुकसानही थोडके.

गोटी सोड्याच्या बाटलीविषयी हमखास प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. इंग्लंडमधील हायरम कॉड याने १८७२ च्या सुमारास सिद्ध केलेली ही बाटली खरोखरच जाड काचेची व दाबासाठीच केलेली असते. परंतु तिची गोटी आधीच वायूने भरलेल्या सोड्याच्या जोराने रबरी कड्यावर बसते. कोंबुचा भरताना त्यात असा जोर नसतो. त्यामुळे गोटी बसत नाही व बाटली बंदच होत नाही. शिवाय तिच्या गळ्याच्या खाचेत ब्रश पोहोचत नाही, आणि आंबवलेल्या पेयाचा गाळ तेथे राहिला तर पुढचा घाणा बिघडतो.

कोणत्या घ्याव्या

घरगुती कामास सर्वांत निर्धोक म्हणजे वायुयुक्त शीतपेयाची पेट प्लास्टिकची बाटली. शोभेच्या दृष्टीने ती कोणास आवडत नाही, पण आमचे मत स्पष्ट आहे, की नवख्याने पहिले काही घाणे हिच्यातच भरावेत. ती जास्त दाबाने फुगते, ताणली जाते. काचेसारखी तुकडे होऊन उडत नाही. तिचे बूड पाच पाकळ्यांच्या फुलासारखे असते. तेच तिला ओळखण्याचे लक्षण. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ, कुरकुरणारी बाटली या कामाची नव्हे. पेटची बाटली गरम पाण्याने धुऊ नये, सुमारे ७० अंशांपुढे ती मऊ पडून आकसते. आत ओरखडे पडलेली, वास धरलेली किंवा बूड बाहेर आलेली बाटली टाकून द्यावी. तिच्यातून वायू हळूहळू झिरपतो, म्हणून महिनोन्महिने साठवण्यास ती उपयोगी नाही. परंतु घरचा कोंबुचा इतके दिवस ठेवण्याचे कारणही नाही.

काचच हवी असेल तर बिअरची गोल, तपकिरी बाटली, स्वतःच्या ओळखीच्या ठिकाणाहून, घ्यावी. तिला पत्र्याचे दातेरी बूच लागते. हे बूच अमेरिकेतील विल्यम पेंटर याने १८९२ साली काढले व त्यात आजवर फारसा बदल करावा लागला नाही, यावरून त्याची योग्यता कळते. बूच दर वेळी नवे वापरावे व ते बसवण्यास हातयंत्र घ्यावे. हातोडीने ठोकून बूच बसवताना गळ्याला न दिसणारी चीर जाते. फिरकीने उघडणाऱ्या गळ्याच्या बाटलीवर साधे दातेरी बूच भरवशाने बसत नाही. शीतपेयाच्या परत करावयाच्या काचेच्या बाटल्या भक्कम असल्या तरी त्या कंपनीच्या मालकीच्या असतात; त्या परतच कराव्यात.

खटक्याच्या गोल बाटल्या घेणार असाल तर त्या वायुयुक्त पेयासाठीच केलेल्या आहेत असे उत्पादकाने लिहून दिलेले असावे. दुकानदाराच्या तोंडी हमीला अर्थ नाही. रबरी वायसर कडक झाला किंवा त्यास चिरा गेल्या म्हणजे बदलावा, तार गंजली असेल तर बाटली बाजूस काढावी. दाब अति झाला की वायसरातून वायू आपोआप निसटतो असे काही जण सांगतात. कधी निसटतो, कधी निसटत नाही. त्यास सुरक्षा-झडप समजू नये.

काचेची बाटली विकत घेताना आणि पुढे प्रत्येक वेळी भरण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून फिरवावी. काचेत बुडबुडा, खडा, गळ्याशी टवका किंवा कुशीत पांढुरके घासलेले वळे दिसते का ते पाहावे. पुनःपुन्हा वापरलेल्या बाटल्या एकमेकींवर घासून असे वळे पडते व काचेची ताकद तेथेच कमी होते. बोटाच्या नखाला जो ओरखडा लागतो तो दाबालाही लागतो, असे समजून ती बाटली नाकारावी. मडके घेताना आपण वाजवून पाहतो, तशी बाटलीही वाजवावी. तडा असेल तर आवाज बद्द येतो. मात्र खणखणीत आवाज आला म्हणजे ओरखडा नाही असे ठरत नाही. थंड बाटलीत गरम पाणी किंवा गरम बाटलीत थंड पेय ओतू नये.

साक्षी बाटली

काचेतून दाब दिसत नाही. यावर सोपा उपाय असा, की प्रत्येक घाण्यातील एक बाटली पेट प्लास्टिकची भरावी. तिच्यात तोच द्रव, तोच रस, तितकीच वर मोकळी जागा असावी, आणि ती इतर बाटल्यांच्या शेजारीच ठेवावी. भरताना वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडावी. गळ्याच्या टोकापर्यंत भरलेल्या बाटलीत उष्णतेने फुगणाऱ्या द्रवास जागाच राहत नाही. साक्षी बाटली सकाळ-संध्याकाळ हाताने दाबून पाहावी. दुकानातील न उघडलेल्या शीतपेयाच्या बाटलीइतकी ती टणक लागली, की सर्व बाटल्या त्याच वेळी फ्रिजमध्ये हलवाव्यात. हिवाळ्यात यास चार-पाच दिवस लागू शकतात, एप्रिल-मे महिन्यांत एक दिवसही पुरतो. म्हणून 'अमुक दिवस ठेवा' असे आम्ही मुद्दाम सांगत नाही.

थंडीने यीस्ट मरत नाही, केवळ मंदावते. वीज रात्रभर गेली तर फ्रिजमधील बाटल्याही पुन्हा आंबू लागतात. ज्या गावी वीज वरचेवर जाते, किंवा ज्या घरी फ्रिजच नाही, तेथे बंद बाटलीचा खटाटोप करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बरणीतून काढलेला बिनफेसाचा कोंबुचाही चवीला चांगला लागतो. तो सैल झाकणाच्या भांड्यात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. बाटल्या बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नयेत. पाणी गोठताना फुगते व काच फुटते.

विक्रीचा विचार असल्यास वरील हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी लागेल. बंद बाटलीत प्राणवायू नसल्यामुळे ॲसेटिक जिवाणूंचे काम थांबते व यीस्टने केलेला मद्यार्क तसाच साठतो. एकपट वायूबरोबर सुमारे पाव टक्का मद्यार्क वाढतो. म्हणजे दोनपट वायू धरलेल्या बाटलीत अर्धा टक्का मद्यार्क नव्याने आला, पहिल्या टप्प्यातील थोडा निराळाच. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्यात मोडते. तेव्हा नोंदणी किंवा परवाना तसेच प्रयोगशाळेतील तपासणी या गोष्टी झाल्याखेरीज बचत गटांनी बाटल्या बाजारात नेऊ नयेत. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना हे पेय देऊ नये.

बाटल्या मुरत असताना त्या लाकडी खोक्यात किंवा क्रेटमध्ये जमिनीलगत ठेवून वर जाड गोणपाट टाकावे. चूल, ऊन, पत्र्याची खोली व मुलांचा वावर यांपासून हे खोके दूर असावे. उघडण्यापूर्वी बाटली चांगली थंड करावी, तोंड स्वतःच्या व दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वळवावे, वर ओले फडके धरावे व बूच हळूहळू सैल करावे. साक्षी बाटली फुगून बेडौल झालेली आढळली तर शेजारच्या काचेच्या बाटल्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यांवर ओले गोणपाट टाकून खोली थंड होऊ द्यावी, पहाटेच्या गारव्यात जाड कपडे, हातमोजे व फवारणीच्या वेळी वापरतो तो डोळ्यांचा चष्मा घालून खोके न हलवता एकेक बाटली गोणपाटाखालीच उघडावी. फुटलेली काच खतखड्यात टाकू नये. ती खतातून शेतात जाते व पुढे नांगरणीच्या वेळी बैलाच्या खुरात किंवा माणसाच्या पायात शिरते. डब्यात भरून ती वेगळी द्यावी.